छातीत दुखतंय? इंजेक्शनच्या आधी ईसीजी! हृदयाच्या स्नायूंना सूज असताना पेनकिलर कितपत सुरक्षित?

लाळ्या-खुरकुताची साथ आली की जाणत्या शेतकऱ्याचं लक्ष आधी वासरांकडे जातं. मोठी जनावरं लाळ गाळतात, लंगडतात, दूध तोडतात. पण बहुतेक जनावरं काही दिवसांत सावरतात. आईला पिणारं वासरू मात्र सकाळी उड्या मारत असतं आणि दुपारी मरून पडलेलं सापडतं. तोंडात फोड नाही, खुरात जखम नाही. असं वासरू पशुवैद्यकाने उघडून पाहिलं तर हृदयाच्या मांसावर फिकट पट्टे दिसतात. वाघाच्या अंगावर असतात तसे, म्हणून त्याला 'टायगर हार्ट' असं नावच पडलं आहे. विषाणूने थेट हृदयाचा स्नायू धरलेला असतो.

माणसातही असा आजार होतो. विषाणू वेगळे असतात, पण प्रकार तोच. डॉक्टर त्याला मायोकार्डायटिस म्हणतात, म्हणजे हृदयाच्या स्नायूंचा दाह. साध्या भाषेत, हृदयाच्या मांसाला आलेली सूज. ही सूज बाहेरून दिसत नाही, हाताला लागत नाही. सर्दी, ताप, जुलाब अशा साध्या दुखण्यानंतर आठ-पंधरा दिवसांत ती येऊ शकते, आणि म्हाताऱ्यांपेक्षा तरण्याताठ्या पोरांमध्ये जास्त दिसते. बहुतेक जण बरे होतात. काहींचं हृदय कायमचं कमजोर होतं. थोड्यांच्या बाबतीत हृदयाचे ठोके अचानक बिघडून जीव जातो.

आजार सर्रास होणारा नाही. पण आपल्याकडे तापाचा मोसम आणि कामाचा मोसम एकाच वेळी येतो. पाऊस उघडत असतो, सोयाबीन काढणीला आलेलं असतं, मजूर मिळत नाही. अशा वेळी ताप आला की पहिला रस्ता मेडिकलचा. 'अंगदुखीची द्या' म्हटलं की गोळी हातात पडते. नाहीच उतरला ताप, तर एक इंजेक्शन, एक सलाईन आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रानात. छातीत दुखतंय म्हटलं तरी 'ॲसिडिटी असेल, नाहीतर पोतं उचलताना भरली असेल' असं म्हणून तीच गोळी पुन्हा. प्रश्न इथेच आहे. छातीतलं दुखणं हृदयाच्या सुजेचं असेल, तर सूज उतरवणारी ही गोळी कामाची की घाताची?

आवरण वेगळं, स्नायू वेगळा

आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड, इंडोमेथासिन ही सगळी एकाच घराण्यातली औषधं. दुखणं कमी करतात, ताप उतरवतात, सूज घटवतात. सांध्याच्या सुजेवर चालतात, दाढेच्या सुजेवर चालतात. मग हृदयाच्या सुजेवर का नाही चालणार? असं वाटणं साहजिक आहे, आणि ते अर्धं खरंही आहे.

मक्याच्या कणसाला जसं पानांचं आवरण असतं, तसं हृदयाभोवती एक पातळ आवरण असतं. त्या आवरणाला सूज आली तर त्याला पेरिकार्डायटिस म्हणतात. या आजारात ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन हेच पहिलं औषध आहे आणि जोडीला कोल्चिसिन नावाची गोळी देतात. याला भक्कम पुरावा आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आयकॅप' या अभ्यासात २४० रुग्ण होते. नेहमीच्या औषधासोबत कोल्चिसिन घेतलेल्यांपैकी १६.७ टक्के रुग्णांचं दुखणं रेंगाळलं किंवा उलटलं; न घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण ३७.५ टक्के होतं.

आवरणाच्या आतला दाणा, म्हणजे हृदयाचा स्नायू, सुजला तर हिशेब बदलतो. तिथे पेनकिलरने फायदा होतो असा ठोस पुरावा नाही, आणि नुकसान होऊ शकतं अशी शंका गेली चाळीस वर्षं कायम आहे. अडचण अशी की दोन्ही आजारांत छातीत दुखतं, दोन्ही आजार तापानंतर येतात, आणि बऱ्याचदा दोन्ही एकाच रुग्णात एकत्र असतात. आवरणाचं दुखणं बहुधा आडवं पडल्यावर वाढतं आणि पुढे वाकून बसल्यावर कमी होतं. पण एवढ्यावरून घरच्या घरी निदान करणं धोक्याचं आहे. तसंच दुखणं हार्ट अटॅकचंही असू शकतं.

शंका आली कुठून?

१९८० च्या दशकात अमेरिकेत उंदरांवर प्रयोग झाले. उंदरांना कॉक्सॅकी नावाच्या विषाणूची लागण केली, की त्यांच्या हृदयाचा स्नायू सुजतो. मग त्यांना आयब्युप्रोफेन, इंडोमेथासिन, ॲस्पिरिन ही औषधं दिली. सूज उतरायला हवी होती. घडलं उलटं. काही प्रयोगांत हृदयाची हानी वाढली, काहींत औषध दिलेले उंदीर जास्त मेले.

यामागची समजूत अशी. सुरुवातीच्या दिवसांत विषाणू हृदयाच्या पेशींत वाढत असतो आणि शरीर त्याच्याशी लढत असतं. सूज हा त्या लढाईचाच भाग. लढाई ऐन भरात असताना आपल्याच राखणदाराचे हात बांधले तर चोराचं फावतं. लढाई संपल्यावरही राखणदार काठी फिरवत राहिला आणि घरातलीच भांडी फोडू लागला, तर मात्र त्याला आवरावं लागतं. म्हणून सूज कमी करणारं औषध कधी द्यायचं आणि कुणाला द्यायचं, हे ठरवणं अवघड होऊन बसतं.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हेही खरं. माणसांवर याची मोठी, नीट तुलना करून केलेली चाचणी झालेली नाही. ज्या रुग्णांच्या आवरणालाच प्रामुख्याने सूज आहे, स्नायूला थोडी लागण आहे आणि हृदयाची ताकद शाबूत आहे, अशांना या गोळ्या दिल्यावर मोठं नुकसान झाल्याचं छोट्या अभ्यासांत दिसलं नाही. कोविडच्या एमआरएनए लशीनंतर परदेशात काही तरुणांना अशी सूज आली होती. त्यांच्यातल्या अनेकांना आयब्युप्रोफेन दिलं गेलं आणि बहुतेक जण बरे झाले. पण गोळीने बरे झाले की तसेही झाले असते, हे त्यावरून ठरत नाही. आपल्याकडे बहुसंख्य लोकांना दिलेल्या कोविशील्ड आणि कोवॅक्सिन या लशी एमआरएनए प्रकारच्या नव्हत्या, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच नोंदवून ठेवलं होतं की प्राण्यांवरच्या प्रयोगांत या औषधांनी मृत्यू वाढले आहेत आणि माणसांबाबतचा पुरावा पक्का नाही. २०१५ मध्ये त्याच संघटनेने आवरण आणि स्नायू दोन्ही सुजलेल्या रुग्णांसाठी कमी डोस वापरण्याची दिशा दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये तर दोन्ही आजारांसाठी मिळून एकच नवी मार्गदर्शक सूचना आली, कारण रुग्णाच्या छातीत या दोन आजारांची हद्द सरळ बांधासारखी आखलेली नसते.

तेव्हा 'पेनकिलर म्हणजे विष' ही ओरड चुकीची आणि 'काय होतंय, घ्या एक गोळी' हा बेफिकीरपणाही चुकीचा.

पाण्याचा भार आणि किडनी

स्नायूची गोष्ट बाजूला ठेवली तरी एक धोका उरतोच, आणि त्याचा पुरावा पक्का आहे. ही औषधं शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात. धडधाकट माणसाला ते जाणवत नाही. पण ज्याच्या हृदयाचा पंपच कमजोर झालाय, त्याच्यावर हा जादा भार पडतो. पाच एचपीची मोटर तीन एचपीच्या ताकदीने चालतेय आणि विहिरीचं पाणी मात्र वाढतंय, असा प्रकार. पायावर सूज येते, दम लागतो, आडवं झोपवत नाही. हृदय कमजोर असलेल्यांनी ही औषधं टाळावीत, हे जगभर मान्य आहे.

किडनीवरही ताण येतो. त्यात जुलाब-उलट्या झालेल्या असतील, उन्हात काम करून अंगातलं पाणी आटलेलं असेल किंवा रक्तदाबाच्या ठरावीक गोळ्या चालू असतील, तर धोका आणखी वाढतो.

हार्ट अटॅकचा मुद्दा तर जुनाच आहे. रोफेकॉक्सिब नावाची सांधेदुखीची गोळी २००४ मध्ये कंपनीने जगभरातून मागे घेतली, कारण तिने हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका वाढत होता. २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी या घराण्यातल्या इतर औषधांवरचा इशारा कडक केला. ॲस्पिरिन तेवढी वगळली. वापराच्या पहिल्या काही आठवड्यांतच धोका सुरू होऊ शकतो, असं त्यात म्हटलं आहे.

भारतातही हालचाल झाली आहे. निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांना देण्यावर २०११ मध्ये बंदी आली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने औषधांच्या १५६ मिश्रणांवर बंदी घातली. त्यात ॲसिक्लोफिनॅक ५० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅम ही जोडगोळीही होती. डायक्लोफिनॅकसारखी औषधं शेड्यूल एचमध्ये मोडतात, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. कागदावर असा नियम आहे. तालुक्याच्या बाजारपेठेत काय चालतं, ते वाचकांना सांगायची गरज नाही.

'ताकदीचं' इंजेक्शन

दुसरा प्रकार स्टेरॉइडचा. तापाच्या रुग्णाला पटकन तरतरी यावी म्हणून सलाईनमध्ये डेक्सामेथासोन मिसळण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. कोविडमध्ये हे नाव घरोघरी पोचलं. ब्रिटनच्या २०२० मधल्या 'रिकव्हरी' चाचणीत डेक्सामेथासोनने ऑक्सिजनवरच्या आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे जीव वाचवले. पण ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना त्याचा फायदा झाला नाही, हे त्याच चाचणीतलं दुसरं वाक्य गावापर्यंत आलंच नाही.

हृदयाच्या सुजेतही असंच आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत १११ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देऊन फायदा दिसला नाही. २००९ मध्ये इटलीत ८५ रुग्णांवर चाचणी झाली आणि तिथे फायदा दिसला. फरक कुठे होता? इटलीतल्या डॉक्टरांनी आधी हृदयाचा बारीक तुकडा तपासून त्यात विषाणू नाही याची खात्री करून घेतली होती. अलीकडे फ्रान्समध्ये १२० रुग्णांना ॲनाकिन्रा हे सूज रोखणारं नवं औषध देऊन पाहिलं. त्रास झाला नाही, पण ठळक फायदाही नाही.

जायंट सेल मायोकार्डायटिससारख्या काही भयंकर प्रकारांत मात्र स्टेरॉइड आणि जोडीची औषधं जीव वाचवतात, आणि तिथे उशीर परवडत नाही. म्हणजे तेच औषध एकाला तारतं आणि दुसऱ्याला नुसतंच दिलं जातं. कुणाला द्यायचं हे मोठ्या रुग्णालयातच ठरतं. ओट्यावरच्या सलाईनमध्ये ते ठरत नाही.

कारण पकडा, मग सूज

महाराष्ट्राने याचा धडा एकदा घेतलेला आहे. कोकणात लाल विंचू चावला की माणसं हृदय आणि फुप्फुसं निकामी होऊन दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णांजवळ बसून पाहिलं की विषामुळे शरीरात उसळणारं रसायनांचं वादळ हृदयावर घाव घालतंय. त्यांनी ते वादळ शमवणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी वापरली. १९८० च्या दशकात 'लॅन्सेट'मध्ये हे काम छापून आलं आणि असंख्य जीव वाचले. त्यांनी दुखण्यावर फुंकर घालत न बसता दुखण्याचं मूळ धरलं, हा त्यातला धडा.

आपल्याकडच्या तापांतही हृदयाला सूज आणणारी काही कारणं अशी आहेत की ज्यांवर थेट औषध आहे. स्क्रब टायफस हा गवता-झुडपांतल्या बारीक चिगर किड्यांमुळे होणारा ताप. २०१८ मध्ये विदर्भाने त्याची झळ सोसली. लेप्टोस्पायरोसिस भातखाचरातल्या आणि साचलेल्या पाण्यातून होतो. कोकणाला तो नवा नाही. या दोन्ही तापांत हृदयाचा स्नायू सुजू शकतो, आणि दोन्हींवर डॉक्सिसायक्लिनसारखी साधी, स्वस्त औषधं वेळेत मिळाली तर चालतात. पेनकिलरने ताप दबला, माणूस उठून कामाला लागला, तर निदानाचे हेच मोलाचे दिवस हातचे जातात.

डेंग्यूचंही तसंच. डेंग्यूतही हृदयाला सूज येऊ शकते. त्यात ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक टाळावं आणि तापासाठी पॅरासिटामॉल द्यावं, असं सरकारी मार्गदर्शक सूचनाच सांगतात, कारण रक्तस्राव वाढण्याची भीती असते. ताप डेंग्यूचा आहे की नाही हे पहिल्या दिवशी कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून तापाच्या सुरुवातीला पॅरासिटामॉलच बरा. तोही डॉक्टरांनी सांगितला तेवढाच, कारण अनेक जोडगोळ्यांत तो आधीच असतो आणि डोस नकळत दुप्पट होऊन लिव्हरवर येतो.

गावात काय करता येईल?

ताप, सर्दी किंवा जुलाबानंतर छातीत दुखणं, दम लागणं, आडवं पडल्यावर श्वास कोंडणं, छातीत धडधड, चक्कर येऊन पडणं, पायावर सूज किंवा न पेलवणारा थकवा यांतलं काहीही दिसलं तर आधी ईसीजी काढा. लहान लेकरू जोरजोरात श्वास घेत असेल, दूध ओढत नसेल, अंग पांढरं-गार पडलं असेल तर थांबू नका. पोरांमध्ये नुसत्या उलट्या आणि पोटदुखीनेही हा आजार सुरू होतो. १०८ ला फोन लावा.

ग्रामीण रुग्णालयात आणि तालुक्याच्या ठिकाणी ईसीजी होतो. त्यात काही आढळलं, किंवा ईसीजी साधा असूनही त्रास थांबत नसेल, तर ट्रोपोनिन ही रक्ताची तपासणी आणि टू-डी इको लागतो. पक्क्या निदानासाठी हृदयाचा एमआरआय जिल्ह्याच्या किंवा त्याहून मोठ्या शहरात. इतकं सगळं प्रत्येकाला लागत नाही, पण पहिली पायरी चुकली तर पुढच्या पायऱ्या दिसतच नाहीत.

डॉक्टरांपुढे गेल्यावर आधी कोणती गोळी, कोणतं इंजेक्शन घेतलं ते लपवू नका. पाकीट सोबत न्या. अनेकदा 'रागावतील' म्हणून माणसं सांगत नाहीत, आणि दबलेला ताप, दबलेलं दुखणं पाहून डॉक्टरांचाही अंदाज चुकतो.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. ज्यांना हार्ट अटॅकनंतर ॲस्पिरिनची छोटी गोळी कायमची लिहून दिली आहे, त्यांनी हे वाचून ती बंद करायची नाही. पेरिकार्डायटिसच्या रुग्णाने तज्ज्ञांनी दिलेली आयब्युप्रोफेन परस्पर सोडायची नाही. औषधाने अंगावर काही उठलं, त्रास झाला तर डॉक्टरांना दाखवा; तशी नोंद सरकारच्या १८००-१८०-३०२४ या टोल फ्री क्रमांकावरही करता येते.

विसावा हेही औषध

राहिली शेवटची गोष्ट, आणि ती गावात सगळ्यात अवघड आहे: आराम. विषाणूची लागण झालेल्या उंदरांना जबरदस्तीने पोहायला लावल्यावर त्यांच्या हृदयाची हानी वाढल्याचं १९७० च्या सुमारासच दिसलं होतं. खेळाडूंना पूर्वी तीन ते सहा महिने मैदानापासून दूर ठेवत. २०२५ च्या सूचनेने ही मुदत रुग्ण पाहून कमी करायला वाव दिला, तरी किमान महिनाभर आणि हृदय सावरल्याची खात्री होईपर्यंत दमछाक नको, हे कायम आहे.

खेळाडूला महिनाभर बाकावर बसवता येतं. पोती उचलणाऱ्या हमालाला, ऊसतोडीच्या कोयत्याला, रोजंदारीवरच्या बाईला महिनाभर कोण बसवणार? उचल घेतलेली असते, मुकादम दारात असतो. पेनकिलरची खरी ओढ इथून सुरू होते. माणूस गोळी घेतो ती आजार बरा व्हावा म्हणून कमी आणि उद्याचा रोज बुडू नये म्हणून जास्त. त्यामुळे नुसतं 'गोळी घेऊ नका' असं सांगून भागणार नाही. तापाच्या मोसमात आरोग्य केंद्रात ईसीजीची मशीन चालू आहे का, तो वाचणारं कुणी आहे का, रोल संपलेला तर नाही ना, हे ग्रामसभेत विचारायचे प्रश्न आहेत. रस्ता आणि पाण्याइतकेच.

ताप असलेल्या बैलाच्या मानेवर कुणी शहाणा शेतकरी जू ठेवत नाही. चार दिवस दावणीला बांधतो, चारा-पाणी बघतो, डॉक्टरला बोलावतो. औत खोळंबलं तरी चालेल म्हणतो, कारण बैल गेला तर हंगाम जातो. घरातल्या कर्त्या माणसालाही तेवढे चार दिवस आणि एक ईसीजी मिळायला हवा.